यवन, धम्म आणि ‘चोरलेली’ जात : सांस्कृतिक स्वीकाराचा प्रश्न

लोणावळ्याच्या पूर्वेस, इंद्रायणीच्या खोऱ्याकडे तोंड करून असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर जे दानलेख कोरलेले आहेत, ते इतिहासकारांच्या आणि पुरालिपीतज्ज्ञांच्या स्वाधीन करून मराठी समीक्षा निश्चिंत राहिलेली आहे. हे लेख त्रोटक आहेत, त्यांत अलंकार नाही, कथन नाही. तरीही ‘मी कोण’ या प्रश्नाला सह्याद्रीच्या परिसरात दिली गेलेली जी अगदी जुनी लिखित उत्तरे आहेत, त्यांत या लेखांची गणना करावी लागते. जन्माने एका वंशाचा, एका संस्कृतीचा असलेला माणूस दुसऱ्या संस्कृतीचा होऊ शकतो काय, आणि झालाच तर ते कोणी ठरवावयाचे, हा आज जगभर कडवटपणे वादला जाणारा प्रश्न या स्तंभांवर अगदी निराळ्या, जवळजवळ निर्विकार स्वरात उपस्थित झालेला आहे.

चैत्यगृह साधारणतः इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे. लेख ब्राह्मी लिपीत, भाषा प्राकृत. त्यांतील अनेक दाते धेनुकाकट नावाच्या ठिकाणाहून आलेले आहेत. हे ठिकाण नेमके कोठले याविषयी एकमत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याजवळच्या देवघर या गावाशी जोडले, इतरांनी दूरचे तर्क केले. या दात्यांपैकी काहींनी स्वतःस ‘यवन’ म्हटले आहे. सिहधय हा यवन एका स्तंभाचे दान करतो. यसवधन हा यवन दुसऱ्याचे. आणखी एका लेखात ‘धम्म-यवन’ असा शब्द येतो. तो ‘धम्म नावाचा यवन’ असा वाचावा की ‘धम्म स्वीकारलेला यवन’ असा, हे व्याकरणाने सुटत नाही. नावे भारतीय वळणाची, दान बौद्ध संघास, भाषा येथली. आणि तरीही ‘यवन’ हा शब्द जागच्या जागी आहे. तो गाळणे सोपे होते. पाषाणावर एकेक अक्षर कोरण्यास श्रम पडतात, आणि नको असलेला शब्द कोणी कोरवून घेत नाही.

या विसंगतीचा उलगडा करताना अभ्यासकांनी जे दोन मार्ग धरले, ते दात्यांइतकेच अभ्यासकांविषयीही बोलतात. सर्वसामान्य मत असे की हे मूळचे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले व्यापारी. ते बौद्ध झाले, त्यांनी येथली नावे घेतली. विल्यम टार्न यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात नेमकी उलटी शक्यता मांडली : हे मूळचे भारतीय असावेत आणि एखाद्या ग्रीक नगराचे नागरिक या नात्याने ‘यवन’ म्हणवत असावेत. टार्न यांची उपपत्ती पुढे टिकली नाही, आणि ती न टिकण्यास सबळ कारणे आहेत. परंतु समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की एकच ओळ ‘परका येथला झाला’ आणि ‘येथला परका झाला’ अशी दोन्ही बाजूंनी वाचता येते, आणि संहितेतील एकही अक्षर त्यासाठी हलवावे लागत नाही. दोन्ही पक्षांचे गृहीतक मात्र एकच आहे. नाव आणि ‘यवन’ यांपैकी एक खरे आणि दुसरे वरून चढवलेले असले पाहिजे, असे दोघेही धरून चालतात.

लेखांची रचना या गृहीतकास दुजोरा देत नाही. त्याच चैत्यगृहात धेनुकाकटाचाच सिंहदत्त नावाचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, द्वाराचे दान नोंदवतो. लेखाचा साचा असा : गावाचे नाव, मग ‘गंधिक’, मग व्यक्तिनाम, मग दान. सिहधयाच्या लेखाचा साचाही हाच आहे. ‘गंधिक’ जेथे आहे तेथे ‘यवन’ आहे, इतकाच फरक. वाक्यरचनेत ज्या स्थानी एकाचा व्यवसाय बसतो त्याच स्थानी दुसऱ्याचा वंश बसतो. संरचनावादी परिभाषेत बोलावयाचे तर ही दोन पदे परस्परांच्या जागी येऊ शकणारी आहेत, आणि म्हणून त्या चिन्हव्यवस्थेत त्यांचे मूल्य समपातळीवरचे आहे. ‘यवन’ हे येथे माणसाचे सार नव्हे. बाजारात, संघात, लोकांच्या तोंडी त्याची जी ओळख होती ती त्याने लेखात आणली आहे. नव्या नावाने ती पुसली नाही, आणि तिने नवे नाव खोटे ठरवले नाही.

तुलनेसाठी दोन लेख डोळ्यांपुढे ठेवावेत. मध्य भारतातील बेसनगरच्या गरुडस्तंभावर हेलिओडोरस स्वतःस भागवत म्हणवतो. तेथे नाव ग्रीक राहिले आणि भक्ती वासुदेवाची झाली. नाशिकच्या लेण्यांत दात्तामित्री येथला ‘योनक’ इंद्राग्निदत्त आढळतो. त्याच्या पित्याचे नाव धम्मदेव, पुत्राचे धम्मरक्षित. दोन धम्म-नामांच्या मध्ये इंद्र आणि अग्नी या वैदिक देवता घेऊन हा योनक बौद्ध लेणे कोरवतो. अशा घराण्याची ‘मूळ’ संस्कृती कोणती, असे विचारणाऱ्याला आधी ‘मूळ’ या शब्दाचीच उजळणी करावी लागेल.

हे चित्र अर्थातच अपुरे आहे. नाशिकच्याच लेण्यांत, पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राची जी प्रशस्ती कोरवली तीत गौतमीपुत्राने शक, यवन आणि पह्लव यांचा नाश केल्याचे व चातुर्वर्ण्याचा संकर थांबवल्याचे अभिमानाने सांगितले आहे. म्हणजे काळाचे थोडे अंतर सोडले तर त्याच सह्याद्रीत, त्याच लिपीत, एका पाषाणावर यवन स्तंभ देतो आणि दुसऱ्या पाषाणावर यवनाचा नाश साजरा होतो. राजा मिश्रणाचा निषेध करतो आणि संघ त्याच मिश्रणाचे दान निमूटपणे स्वीकारतो. कार्ल्याच्याच एका राजाज्ञेत ‘मामाल’ हा आहार, म्हणजे आजचे मावळ, उल्लेखिला आहे. हे खोरे प्रशस्तीच्या राज्यसत्तेबाहेर नव्हते. तरीही स्तंभांवरचे ‘यवन’ कोणी खरवडून काढले नाही. मराठीतील देशीवादी मांडणीने संस्कृतीची मुळे भूमीत आणि भाषेत शोधली, हे तिचे मोठेच कार्य. पण देशीयता म्हणजे रक्त, अशी तिची जी सवंग आवृत्ती पुढे प्रचारात आली, तिला सिहधयाचे काय करावयाचे हे सुचणार नाही. त्याची भाषा देशी आहे, त्याचे दान देशी आहे, आणि तो यवन आहे.

कार्ल्याच्या लेखांत ‘मी अमुक आहे’ ही घोषणा एकट्याने केलेली नाही. ती षष्ठीत आहे : अमक्याचे दान. दान घेणारा संघ त्या वाक्यात अध्याहृत आहे. दुसऱ्याने घेतल्याखेरीज दान होत नाही, तशी ही ओळखही दुसऱ्याने घेतल्याखेरीज पुरी होत नाही. पण तिला एक अटही आहे, आणि ती महत्त्वाची आहे. ज्याला ओळख स्वीकारावयाची आहे त्याला जुने नाव मोठ्याने उच्चारता आले पाहिजे, आणि ते उच्चारूनही दान नाकारले जाता कामा नये. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी आडनाव टाकले नाही आणि अभंगही टाकला नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्याची किंमत कोणी आणि किती भरली हे सांगावयास नको. तरीही टिळकांना जुने नाव उच्चारता आले. प्रश्न ज्यांना ते उच्चारता येत नाही त्यांचा आहे.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेच्या शीर्षकातच हा प्रश्न गोठलेला आहे. मराठीत ‘चोरणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. एक, दुसऱ्याचे लांबवणे. दुसरा, आपलेच लपवणे, आखडून घेणे, जसे अंग चोरणे, काम चोरणे. कथेचा निवेदक दुसऱ्या अर्थाने जात चोरतो. गुजरातेत रेल्वेची नोकरी मिळालेला हा तरुण आपली जात सांगत नाही, त्याच्या वागण्याबोलण्यावरून इतर त्याला सवर्ण समजतात, आणि जात उघड होताच त्याला मारहाण होते. मारणाऱ्यांच्या लेखी मात्र चोरीचा पहिलाच अर्थ खरा : याने आमचे काहीतरी लांबवले. शीर्षक या दोन अर्थांच्या मधोमध उभे आहे, आणि अनुवादात ते हमखास एका बाजूला कलंडते. समीक्षेने या कथेची दाहकता पुष्कळ वाखाणली. तिच्या क्रियापदाकडे मानाने कमी पाहिले.

शीर्षकातील ‘जेव्हा’ हा शब्दही दुर्लक्षण्याजोगा नाही. तो कृत्याला कालमर्यादा घालतो. चोरी ही वृत्ती नव्हती, प्रसंग होता. आणि कथेत निवेदकासमोर काशिनाथ आहे. काशिनाथ जात लपवत नाही, अपमानाला अंगावर घेतो, आणि अखेरीस निवेदकाला मारातून सोडवतो तोही तोच. एखादा सुलभ वाचक येथे निवाडा करील की काशिनाथ खरा आणि निवेदक खोटा. कथा हा निवाडा करू देत नाही. निवेदकाने लपवले ते खोटेपणाने नव्हे. जुने नाव उच्चारताच घर, मैत्री आणि शरीर या तिन्हींवर हक्क उरणार नाही, अशी व्यवस्था भोवती होती. सिहधयाला ‘यवन’ कोरवून घेता आले ते संघ उदार होता म्हणून आणि त्याच्या हाती द्रव्य होते म्हणूनही. ज्यांनी तो स्तंभ प्रत्यक्ष तासला त्यांचे नाव त्यावर नाही.

अमेरिकेत २०१५ साली रेचेल डोलेझल हिच्यावरून जो गदारोळ उठला, तो या दोहोंशेजारी ठेवून पाहावा. गोऱ्या आईवडिलांची ही स्त्री कृष्णवर्णीय म्हणून वावरत होती आणि कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या संघटनेच्या स्थानिक शाखेची अध्यक्ष होती. २०१७ मध्ये रिबेका ट्यूवेल यांनी ‘हायपेशिया’ या स्त्रीवादी तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात वंशबदलाचा तात्त्विक बचाव केला, तेव्हा तो लेख मागे घ्यावा म्हणून शेकडो अभ्यासकांनी सह्या केल्या. लेख मागे घेतला गेला नाही, आणि वाद मात्र तत्त्वापेक्षा सह्यांच्याच संख्येवर चालला, हे खेदजनक. ट्यूवेल यांचा युक्तिवाद आंतरिक जाणिवेवर पुष्कळ भार टाकतो. बागुलांच्या निवेदकाची आणि डोलेझलची कृती बाहेरून सारखी दिसते. दोघांनीही जन्माची ओळख झाकली. पण निवेदकाला ती उघड करण्याची मुभा नव्हती. डोलेझलला होती. गोरी स्त्री म्हणूनही तिला त्या संघटनेत काम करता आले असते. ती संघटना गोऱ्यांना सभासदत्व नाकारीत नाही. म्हणजे ‘यवन’ हा शब्द कोरण्याची सोय असताना तो गाळला गेला. आक्षेप घ्यावयाचा तो या गाळण्यावर. दुसऱ्या संस्कृतीविषयीच्या ओढीवर नव्हे.

मावळच्या पूर्व कडेला, देहूरोड येथे, २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली आणि पंढरपूरचा विठोबा हा मूळचा बुद्ध असल्याचे प्रतिपादन केले. नागपूरच्या दीक्षेस त्या वेळी जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. या प्रतिपादनाची ऐतिहासिक सत्यासत्यता हा वेगळा विषय. त्यातील वाङ्मयीन हालचाल मात्र विलक्षण आहे. धर्म बदलू पाहणारा समाज परक्या घरात शिरत नाही, तो आपल्याच घरात परततो, असे ते विधान सुचवते. जुने नाव टाकावयाचे, पण त्याहूनही जुने नाव उच्चारून. आणि १९५६ नंतर या समाजाला जे नाव चिकटले ते ‘नवबौद्ध’. ‘धम्म-यवन’ आणि ‘नवबौद्ध’ हे दोन्ही सामासिक शब्द. पण पहिल्यातील ‘यवन’ दात्याने स्वतः दिला होता, दुसऱ्यातील ‘नव’ हा उपसर्ग बहुतांशी इतरांनी लावला. शिवाय बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले, आणि त्या मिळाल्यानंतरही दाखल्यावर टाकलेल्या जातीचाच आधार घ्यावा लागतो. टाकलेले नाव सांगितल्याखेरीज ते टाकल्याची भरपाई नाही.

या खोऱ्यातील ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांच्या मुलांना हा प्रश्न सिद्धान्त म्हणून भेटत नाही. तो पडताळणी समितीच्या टेबलावर भेटतो. महाराष्ट्रात जातपडताळणीचा कायदा झाला त्यामागे खोट्या दाव्यांचा खराच उपद्रव होता. हलबा-कोष्टींच्या प्रदीर्घ वादात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये राज्याच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१७ मध्ये खोट्या दाव्यावर मिळालेले लाभ राखता येणार नाहीत असेही स्पष्ट केले. डोलेझल प्रकरणातला आक्षेप येथे उपजीविकेचा होतो. एकाने घेतलेली जागा दुसऱ्याची जाते. पण दावा तपासताना ‘अॅफिनिटी टेस्ट’ नावाची जी चाचणी वापरली जाते, तिच्यात अर्जदाराच्या कुळाचे देव, लग्नाचे आणि मृत्यूचे विधी, बोली यांची विचारपूस होते आणि उत्तरे जुन्या मानववंशशास्त्रीय नोंदींशी ताडून पाहिली जातात. येथे शासन समीक्षकाच्या भूमिकेत शिरते, आणि वाईट समीक्षकाच्या : संस्कृती ही एकदाच लिहून संपलेली संहिता आहे आणि अर्जदार ही तिची प्रत आहे, असे ते समजते. शहरात वाढलेल्या, बोली विसरलेल्या ठाकर मुलाची प्रत मग अशुद्ध ठरते. पाठांतर केलेल्या तोतयाची शुद्ध. मार्च २०२३ मध्ये ठाकर जमातीच्याच एका संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी निर्णायक मानता येणार नाही, असा निर्वाळा दिला. जुन्या कागदपत्रांना, म्हणजे पूर्वजांच्या नावापुढे कोणीतरी कधीतरी लिहिलेल्या एका शब्दाला, त्यामुळे अधिक वजन आले. तो शब्द बहुधा त्या पूर्वजाने स्वतः सांगितलेला नसतो. शाळामास्तराने किंवा तलाठ्याने त्याच्यासाठी लिहिलेला असतो.