कैद संपते केव्हा?

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. तेव्हापासून या आत्मकथनाविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले त्यात 'वेदना', 'दाहकता', 'भीषण वास्तव' हे शब्द पुन्हापुन्हा येतात. मीही वर्गात हेच शब्द वापरून ते पुस्तक शिकवत आलो. हे शब्द खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. ते मला मनोरीत कळले.

मनोरी मुंबईच्या उपनगरातच मोडते, पण मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडावी तेव्हा गाव येते. तिथल्या काही तरुणांनी 'उचल्या'वर चर्चा ठेवली होती. पोलिसांचे छापे, मारहाण, घरातल्या माणसाला उचलून नेणे यांवर मी तासभर बोललो. शेवटी मागे बसलेला एक बिगारी उठला. "सर, मला चोरीच्या संशयावरून दोन रात्री चौकीत बसवून ठेवलं. कागद नाही, कोर्ट नाही. तिसऱ्या दिवशी सोडलं. मग वर्षभर दर सोमवारी हजेरी. याची भरपाई मागता येते का?" सुटून त्याला चौदा महिने झाले होते. माझ्याकडे उत्तर नव्हते. एका वकील मित्राला विचारले. तो म्हणाला, "मागता आली असती."

१९६३ च्या मुदतीच्या कायद्याचा, म्हणजे लिमिटेशन अ‍ॅक्टचा, ७३ वा अनुच्छेद सांगतो की बेकायदा कैदेच्या भरपाईचा दावा कैद संपल्यापासून एका वर्षाच्या आत दाखल झाला पाहिजे. खोट्या खटल्यासाठी ७४ वा अनुच्छेद आहे. तिथेही निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला अन्यथा संपल्यापासून एकच वर्ष. त्यापुढे मुंबई पोलीस अधिनियम १९५१, आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, याचे कलम १६१ उभे आहे. अधिकाराच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा त्या कृत्यापासून सहा महिन्यांत झाला पाहिजे, आणि त्याआधी एक महिन्याची नोटीस दिली पाहिजे. कोणते कृत्य या कलमात बसते यावर न्यायालयांत वाद होत आले आहेत. पण वाद घालायलाही मुदतीत पोहोचावे लागते.

हेच कायद्याचे कोष्टक आणखी वाचावे. उसने दिलेले पैसे वसूल करायला तीन वर्षे. मालकीच्या जोरावर जमिनीचा ताबा मागायला बारा वर्षे. सरकारला दावा करायचा असेल तर तीस वर्षे. आणि ज्याचे शरीरच कोंडले गेले त्याला एक वर्ष! पैसा, जमीन, सरकार आणि माणूस यांची ही उतरंड कोणी एका दुष्टाने रचलेली नाही. १९०८ च्या जुन्या कायद्यातही या कैदेला एकच वर्ष होते आणि स्वातंत्र्यानंतर ते तसेच उचलले गेले. तसेच उचलले गेले, हाच आमचा आक्षेप आहे.

आता 'उचल्या'कडे वळू. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. 'उचल्या' हे त्यानंतरच्या काळाचे पुस्तक आहे. कायदा गेला, पण जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची नजर गेली नाही, ही त्याची साक्ष आहे. कायद्याच्या लेखी कैद म्हणजे कुलूप लागण्यापासून कुलूप निघण्यापर्यंतचा काळ. या पुस्तकातला माणूस चौकीतून घरी येतो तेव्हा पुढच्या छाप्याची वाट पाहत घरी येतो. त्याची कैद संपल्याची तारीख कोणती सांगणार? ज्याच्या भाकरीवर, मजुरीवर, मुलाच्या शाळेतल्या नावावर पोलिसाची सावली आहे, त्याने त्याच पोलिसाला एका वर्षात नोटीस पाठवावी अशी या कायद्याची अपेक्षा आहे. मनोरीच्या त्या बिगाऱ्याची हजेरी ज्या सुमारास थांबली त्याच सुमारास त्याचा हक्कही संपला. मी हे सांगितले तेव्हा त्याने एवढेच विचारले, "म्हणजे मी सोमवारी जात होतो तेव्हाच मुदत चालली होती?"

कोणी म्हणेल, मुदत हवीच. पुरावे नाहीसे होतात, साक्षीदार विसरतात. मान्य. पण इथे नोंद ठेवण्याचे काम कोणाचे होते? ज्याने नोंद केली नाही त्यालाच पुरावा विरण्याचा लाभ मिळतो. शिवाय विलंब माफ करण्याचे कलम ५ अपिलांना व अर्जांना लागू आहे, दाव्याला नाही. कलम ६ अज्ञान मुलाला आणि वेड्याला सवलत देते. भीतीला, निरक्षरतेला, दारिद्र्याला ते ओळखत नाही. प्रतिवादी गप्प राहिला तरी कलम ३ नुसार न्यायालयाने मुदतबाह्य दावा फेटाळलाच पाहिजे.

दुसरी वाट रिट अर्जाची आहे. तिला अशी ठरावीक मुदत नाही, तरी विलंब तिथेही विचारला जातो. बिहारचे रुदल साह १९६८ साली निर्दोष सुटूनही चौदा वर्षे तुरुंगात राहिले. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना एकूण ३५ हजार रुपये मिळतील असे पाहिले, म्हणजे दिवसाला सात रुपयेसुद्धा नाहीत. आपल्या नाशिकच्या प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा मजुरांना फाशी सुनावली गेली होती. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले आणि प्रत्येकी पाच लाख देण्याचा आदेश दिला. सोळा वर्षांचे पाच लाख म्हणजे दिवसाला सुमारे ८६ रुपये. तरीही हा न्याय ज्याच्यापर्यंत पोहोचतो तो विरळा. दोन रात्री चौकीत बसवलेला बिगारी सर्वोच्च न्यायालयात जात नाही.

१५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत, आज अनुच्छेद २२ म्हणून आपल्याला माहीत असलेली तरतूद मांडली. अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे हे हक्क तिच्यातून आले. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात जे राहून गेले त्याची ती भरपाई, अशीच त्यांची भूमिका होती. चोवीस तासांची ती मुदत राज्याला घातलेली आहे. ती राज्याने मोडली तर काय होते, आणि एका वर्षाची मुदत आपल्या माणसाने चुकवली तर काय होते, हे शेजारी ठेवून पाहावे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. बेकायदा कैदेच्या दाव्याला निदान उसन्या पैशाइतकी, तीन वर्षांची, मुदत असावी. ती शेवटच्या हजेरीपासून मोजावी. विलंब माफीचे कलम या दाव्यांना लागू व्हावे. तोवर सुटलेल्या माणसाने पहिल्याच आठवड्यात तारखा लिहून काढाव्यात आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आणि समीक्षकांनी? आम्ही या आत्मकथनांतल्या वेदनेला दाद दिली, तिच्यातली फिर्याद वाचली नाही. यापुढे मी 'उचल्या' शिकवीन तेव्हा ७३ वा अनुच्छेद फळ्यावर लिहीन. मनोरीच्या सभेत तो चौदा महिने उशिरा पोहोचला, याला कायद्याइतकाच माझ्यासारखा शिकलेला माणूसही जबाबदार आहे.