‘अ‍ॅजाइल’ : स्वीकार शब्दाचा की पद्धतीचा?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ सॉफ्टवेअर-तज्ज्ञांनी जो ‘अ‍ॅजाइल’ जाहीरनामा सिद्ध केला, त्याची वाक्यरचना लक्षणीय आहे. त्यातील चारही मूल्ये तुलनेच्या रूपात मांडलेली आहेत. आखलेल्या योजनेपेक्षा बदलास प्रतिसाद देणे अधिक मोलाचे. परंतु म्हणून योजना त्याज्य नव्हे, असा त्याचा आशय आहे. येथे निषेध नाही, प्राधान्यक्रम आहे. कंपन्यांनी या पद्धतीचा स्वीकार खरोखर केला काय, या प्रश्नाचा निर्णय याच प्राधान्यक्रमाच्या कसोटीवर व्हावयास हवा.

व्यवहारात मात्र स्वीकार झाला तो बहुधा परिभाषेचा. जाहीरनाम्याच्या स्वाक्षरीकारांपैकी डेव्ह टॉमस यांनी २०१४ मध्येच असा आक्षेप घेतला की, मुळात विशेषण असलेला हा शब्द नाम बनला आहे. आक्षेप वरवर व्याकरणाचा दिसतो. वस्तुतः तो मर्मावर बोट ठेवणारा आहे. विशेषण कामाचा गुण सांगते, तो गुण कामात दिसावा लागतो. नाम झालेली वस्तू मात्र विकत घेता येते. प्रशिक्षणे व प्रमाणपत्रे यांचा बाजार या नामावरच उभा आहे.

अर्थविपर्यासाचे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘स्क्रम’ या पद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत एका आवर्तनासाठी निवडलेल्या कामास पूर्वी ‘वचन’ या अर्थाचा शब्द होता. २०११ च्या आवृत्तीत त्या जागी ‘अंदाज’ या अर्थाचा शब्द योजण्यात आला. तथापि जेथे अंदाज चुकताच जाब विचारला जातो, तेथे शब्द बदलूनही अर्थ जुनाच राहतो. त्याचप्रमाणे कार्यगटाने आपल्या कामाची आखणी करण्यासाठी योजिलेली पंधरा मिनिटांची दैनिक बैठक वरिष्ठांपुढील हजेरी ठरते.

तरीही यास केवळ दंभ म्हणणे अन्यायाचे होईल. काम, मुदत व किंमत ही तिन्ही जेथे ग्राहकाशी झालेल्या करारानेच आरंभी बांधलेली असतात, तेथे बदलास वाव कंपनीच्याही हाती उरत नाही. अशा ठिकाणी दोष निष्ठेचा कमी व रचनेचा अधिक असतो.

म्हणून परीक्षा परिभाषेची नव्हे, अधिकाराची घ्यावी. एका आवर्तनात जे कळले, त्याने पुढील आवर्तनाचा आराखडा बदलतो काय आणि तो बदलण्याचा अधिकार कोणास आहे? या दोन प्रश्नांना समाधानकारक उत्तर नसेल, तर शब्द रुजला, पद्धत नव्हे, असेच म्हणावे लागेल.