‘ते अँडीनं केलं’

आज ‘जिम अँड अँडी’ या माहितीपटाबद्दल बोलू. दिग्दर्शक ख्रिस स्मिथ, साल २०१७. मिलोश फोर्मन यांच्या ‘मॅन ऑन द मून’ (१९९९) या चित्रपटात जिम कॅरी यांनी अँडी कॉफमनची भूमिका केली. कॉफमन हा विचित्र, अवलिया विनोदवीर; १९८४ साली, पस्तिसाव्या वर्षी कर्करोगानं गेला. तर कॅमेरा बंद झाल्यावरही कॅरी अँडीच राहिले. कधी अँडी, तर कधी टोनी क्लिफ्टन, म्हणजे अँडीच्या खेळांतला तो उर्मट गायक. त्या दिवसांचं पडद्यामागचं चित्रण बरीच वर्षं दडवून ठेवलेलं होतं.

या प्रकाराला लोक परकायाप्रवेश म्हणतात. ठीक आहे, पण प्रवेश नेमका कोणाच्या कायेत? जेरी लॉलर या कुस्तीगिराचं उदाहरण घ्या. १९८२ साली मेम्फिसमध्ये अँडी आणि लॉलर यांचं जे गाजलेलं वैर झालं, ते दोघांनी मिळून रचलेलं होतं. आखाड्याबाहेर अँडी लॉलरशी अदबीनं वागायचा. चित्रपटात लॉलर स्वतःच्याच भूमिकेत होते, आणि कॅरी मात्र सेटवर त्यांना सारखे डिवचत, हिणवत राहिले. म्हणजे बघा, कॅरी ज्याच्यात शिरले तो अँडी नव्हेच. ते अँडीचं सोंग होतं. माणूस बाहेरच राहिला! आपल्याकडे अभिनवगुप्तानं नटाला ‘पात्र’ का म्हणतात ते सांगितलंय: भांडं. रस प्रेक्षकाला मिळतो, भांडं काही तो चाखत नाही. इथे भांडंच सगळा रस पिऊन बसलंय, असं मला पाहताना वाटत राहिलं.

आणखी एक प्रसंग, कॅरींनीच सांगितलेला. फोर्मन बेजार झाले होते. त्यांना जिमशी बोलायचं होतं. फोनवर कॅरी म्हणाले, हवं तर अँडी आणि टोनीला काढून टाकू, मी नुसती नक्कल करतो. फोर्मन नको म्हणाले. हा प्रसंग दिग्दर्शकाच्या शरणागतीचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात वेगळंच दिसतं. हा प्रस्ताव मांडला कोणी? अँडीनं तर नाही ना? म्हणजे जिम घरातच होते. दार वाजवणाऱ्याला उत्तरही देत होते, फक्त दार वाजवणारा दिग्दर्शक असावा लागत होता. मग ‘ते अँडीनं केलं’ या वाक्याचं काय करायचं?

भूमिका चांगलीच झाली, त्याबद्दल वाद नाही. गोल्डन ग्लोबही मिळालं. माझी तक्रार स्मिथ यांच्याबद्दल आहे. आजच्या काळातली मुलाखत त्यांनी एकट्या कॅरींचीच घेतलीय. दाढी वाढवलेले कॅरी थेट आपल्याकडे पाहत ‘मी’ नावाचं काही नसतंच, असं शांतपणे बोलतात. ऐकायला छान वाटतं हो. पण रोज पहाटे ‘अँडी’ला रंगवायला बसणारा रंगभूषाकार, दिवे लावणारी माणसं, ज्यांना सेट सोडून जाता येत नव्हतं, त्यांना आज कोणी काही विचारलेलं नाही.