एका विशेषणाची कुळकथा

इंग्रजी भाषेत 'नाइस' ह्या विशेषणाइतके राबवलेले विशेषण क्वचितच आढळेल. हवा नाइस, चहा नाइस, शेजारीण नाइस आणि कादंबरीही नाइसच! अशा शब्दाने वाङ्मयचर्चा सुरू होण्यापूर्वीच संपते, ही रसिकांची तक्रार जुनी आहे. त्या तक्रारीचा मोठा खेळकर खटला जेन ऑस्टेनने 'नॉर्थअँगर ॲबी' ह्या कादंबरीत चालवला आहे. लेखिकेच्या निधनानंतर, १८१७ च्या डिसेंबरात, ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

बाथ शहराजवळच्या टेकडीवर हेन्री टिल्नी, त्याची बहीण एलिनॉर आणि भाबडी कॅथरिन फिरावयास निघाली आहेत. ॲन रॅडक्लिफची 'उडोल्फो' ही १७९४ सालची भयकथा जगातील सर्वांत 'नाइस' पुस्तक नव्हे काय, असे कॅथरिन विचारते. हेन्री तो शब्द मुद्दामच 'नीटनेटके' ह्या अर्थी घेतो आणि म्हणतो, की ते तर पुस्तकाच्या बांधणीवर अवलंबून! त्याच्या मते टापटीप, औचित्य आणि नाजूक अभिरुची एवढ्यापुरताच हा शब्द मुळात असावा. आता मात्र वाटेल त्या वस्तूची वाटेल ती स्तुती त्यात कोंबली जाते.

वाचक हसतो आणि हेन्रीच्या बाजूचा होतो. परंतु लेखिका त्याला इतक्या स्वस्तात जिंकू देत नाही. एलिनॉर भावाला सुनावते, की त्याच्या अंगी शहाणपणापेक्षा 'नाइस'पणाच अधिक आहे. येथे त्याच शब्दाचा अर्थ फाजील चोखंदळ असा होतो. ज्या जुन्या अर्थाची हेन्री तरफदारी करतो, त्याच्याच जवळचा अर्थ शस्त्रासारखा त्याच्यावर उलटतो. ऑस्टेनच्या विनोदाचे खरे मर्म ह्या उलटण्यात आहे.

शिवाय हेन्रीचा 'मूळ' अर्थ मूळ नव्हेच. ह्या शब्दाचे कूळ लॅटिनमध्ये असून तेथे त्याचा अर्थ 'अजाण' असा होता. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'मूर्ख' होता. पुढे चोखंदळ, मग सूक्ष्म, आणि अठराव्या शतकात सुखद असे अर्थ त्यास चिकटले. हेन्री वाटेतल्या एका धर्मशाळेलाच शब्दाचे जन्मगाव समजला. आपल्याकडे धर्मशास्त्रात 'साहस' म्हणजे बळजबरीने केलेला अपराध. आज मात्र गिर्यारोहकाचे साहस आपण वाखाणतो. ते चुकीचे मराठी आहे, असे कोण म्हणेल?

ह्या प्रसंगाचे भाषांतर करू पाहणाऱ्याची खरी कसोटी येथेच लागते. कॅथरिनच्या तोंडी 'छान' आणि एलिनॉरच्या तोंडी 'चोखंदळ' घातले, की अर्थ राहतो पण कोटी मरते. मराठीत 'चोख' आणि 'चोखंदळ' हे जवळचे नातेवाईक आहेत खरे. पण कादंबरीला कोणी 'चोख' म्हणत नाही, हिशेबाला म्हणतात. तेव्हा भाषांतरकाराने शब्दामागे न धावता, थट्टा करणाऱ्याची थट्टा कशी होईल हे पाहावे.

समीक्षकासही ह्यातून घेण्यासारखे आहे. 'छान' हा शब्द वापरण्यात पाप नाही. त्यापुढे कारण न सांगण्यात आहे. आणि दुसऱ्याचा शब्द तपासताना आपलाही शब्द कोणीतरी तपासणार आहे, हे हेन्रीप्रमाणे विसरू नये.