उलटे घर : ‘द शॅडो लाइन्स’मधील राष्ट्र आणि शेजार

राष्ट्रीय अस्मितेच्या चर्चेत ‘आपण कोण?’ या प्रश्नाला प्राधान्य मिळते. तथापि ‘पलीकडे कोण राहतो?’ याविषयीच्या कल्पनेवाचून त्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. शेजारी राष्ट्राविषयीचे लोकमत त्या राष्ट्राच्या वर्तनावरून घडते, तसेच ते आपल्या अस्मितेच्या गरजेतूनही घडते. अमिताव घोष यांच्या ‘द शॅडो लाइन्स’ (१९८८) या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरीत या दुसऱ्या प्रक्रियेचा शोध आहे.

निवेदकाची आजी, ठाम्मा, ढाक्यात वाढलेली. तिच्या बालपणी वडील आणि थोरले चुलते यांच्यातील कलहामुळे घराची वाटणी होते. मधली भिंत दारांतून, इतकेच काय, शौचकूपातूनही जाते. पलीकडच्या भागात सारे काही उलटे चालते, अशा गोष्टी ठाम्मा धाकट्या बहिणीला रचून सांगते, आणि पुढे तिचा स्वतःचाही त्यांवर जवळजवळ विश्वास बसतो. येथे भिंत आधी येते आणि गोष्ट नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. पलीकडचे लोक भिन्न होते म्हणून भिंत उभी राहिली नाही. भिंत टिकावी म्हणून त्यांना भिन्न ठरवावे लागले. फाळणीचे हे रूपक घोष यांनी फाळणीपूर्व काळात ठेवले आहे, आणि त्यातच त्याचे सामर्थ्य आहे.

१९६४ मध्ये विमानाने ढाक्याला निघताना ठाम्माला सीमारेषा वरून दिसेल काय, असा प्रश्न पडतो. इतके रक्त सांडून आखलेली रेषा दिसलीच पाहिजे, ही तिची अपेक्षा भाबडी खरी, पण तर्कशुद्ध आहे. ढाक्याला आपण ‘जातो’ की ‘येतो’, याचाही तिच्या बोलण्यात गोंधळ होतो. जन्मस्थान आणि राष्ट्रीयत्व यांची फारकत क्रियापदापर्यंत पोहोचते. त्याच ढाक्यात दंगलीत त्रिदिब मारला जातो, आणि १९६५ च्या युद्धात ठाम्मा गळ्यातली जपलेली साखळी युद्धनिधीला देऊन टाकते. इला तिला फॅसिस्ट ठरवते. वाचकाने मात्र इतकी घाई करू नये. तरुणपणी क्रांतिकारकांना साहाय्य करण्याची आस बाळगणारी ठाम्मा आणि शेजाऱ्याच्या नाशाची इच्छा करणारी ठाम्मा या दोन व्यक्ती नाहीत. ज्या निष्ठेने स्वातंत्र्य मागितले, तीच निष्ठा येथे शत्रू मागते. कादंबरीतील सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य हेच आहे.

राष्ट्रनिर्मितीला विस्मरणही आवश्यक असते, असे एर्नेस्ट रेनाँ यांनी १८८२ च्या व्याख्यानात प्रतिपादले होते. १९७९ मध्ये दिल्लीतील ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे चाळणाऱ्या निवेदकाला त्याचा प्रत्यय येतो. १९६२ चे युद्ध मित्रांना आठवते. १९६४ च्या दंगली आठवत नाहीत. श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून २७ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र अवशेष नाहीसा झाला, आणि त्याचे पडसाद खुलना, ढाका, कोलकाता येथे उमटले. युद्ध दोन राज्यसंस्थांना विभक्त करते, म्हणून ते स्मरणात राहते. दंगल सीमेपलीकडच्या शहरांना परस्परांचे प्रतिबिंब बनवते, म्हणून तिला राष्ट्राच्या इतिहासात जागा नसते. निवेदक नकाशावर कंपासने वर्तुळ काढतो, तेव्हा थायलंडमधील चिआंग माई कोलकात्याला दिल्लीहून जवळ असल्याचे त्याला आढळते. अंतर आणि आपलेपणा यांचा संबंध नकाशाने नव्हे, अस्मितेने ठरवलेला असतो.

या मांडणीला एक मर्यादा आहे. ढाक्यातील घरात ठाम्माच्या वृद्ध चुलत्याला सांभाळणारा रिक्षाचालक खलील त्याच्याबरोबरच मारला जातो; पण त्याचे अंतर्विश्व आपल्याला कळत नाही. राष्ट्राच्या पलीकडचा शेजारधर्म प्रत्यक्ष जगणारा हा माणूस कोलकात्याहून आलेल्या पाहुण्यांच्या नजरेतूनच दिसतो. उलट्या घराची गोष्ट खोडून काढणारी कादंबरीही त्या घरात पाहुणी म्हणूनच शिरते.

तरीही शौचकूपातून जाणारी ती भिंत अतिशयोक्त वाटण्याचे कारण नाही. भारत आणि बांगलादेश यांनी एकमेकांच्या भूमीने वेढलेल्या १६२ वसाहतींची अदलाबदल केली, ती ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. त्या रात्री रेषा सरळ झाल्या. पलीकडे सारे उलटे चालते, ही गोष्ट मात्र कोणत्याही कराराने सरळ होत नाही. ती ज्यांनी रचली, त्यांनीच ती पुन्हा वाचावी लागते.