बंगल्याचे मजले, वाड्याचे अंगण

आमच्या लेआउटमधल्या चार प्लॉटधारकांपुढे सध्या एक प्रस्ताव आहे. रुंद रस्त्यावरची चारही घरे पाडायची आणि तिथे दहा मजले उभे करायचे. चौघांपैकी एक मी. इतरांच्या सह्या झाल्या आहेत. शेजारचे काका मला म्हणाले, "भाऊ, पोट्टं पुण्याले, पोरगी बंगलोरले. मले हे घर झाडाले कोन हाय?" त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. त्यामुळेच हा विषय मी नीट बघायचे ठरवले.

मी वास्तुरचनाकार नाही. तरुणपणी नकाशांच्या अमोनिया प्रिंट काढायच्या दुकानात कामाला होतो. त्या जांभळ्या-निळ्या कागदांवरून इमारती वाचायला शिकलो, पुस्तके नंतर आली. म्हणून या लेखात मी आमच्या भागातल्या इमारती वाचतो आहे, एखादा कवितासंग्रह वाचावा तशा. चांगले काय, फसले कुठे, आणि का.

हा भाग म्हणजे शेगाव नाका, राठीनगर, गाडगेनगर, व्हीएमव्ही रोड. १९२३ साली सुरू झालेले किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे आजचे विदर्भ महाविद्यालय, इथलेच. १९६४ साली सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९८३ साल तर अमरावतीला दुहेरी लाभाचे ठरले: मे महिन्यात विद्यापीठ आले आणि ऑगस्टमध्ये महानगरपालिका. दर्यापूर, अचलपूर, धारणी, मोर्शी इथून पोरेपोरी शिकायला येऊ लागली. त्यांच्यासाठी खोल्या, मेस, अभ्यासिका निघाल्या आणि या सगळ्यांना जागा हवी म्हणून घरांवर मजले चढले.

या चढत्या मजल्यांबद्दल गावात दोनच मते ऐकू येतात. एक मत म्हणते, टॉवर आला म्हणजे अमरावती पुढे गेली, किती दिवस नागपूरकडे बघायचे? दुसरे म्हणते, टॉवर आला की शहर बुडाले, तीन-चार मजलेच बरे. दोन्ही मते फक्त मजले मोजतात. माझा आक्षेप या मोजण्यालाच आहे.

अमरावतीला घर बांधण्याच्या दोन परंपरा मिळाल्या. पहिली परकोटाच्या आतली. पेंढाऱ्यांच्या भीतीने निजामाच्या अमलात १८०७ च्या सुमारास हा कोट बांधायला घेतला. अंबागेट, नागपुरी गेट, भुसारी, महाजनपुरा, खोलापुरी अशा पाच वेशी आणि चार खिडक्या. आत घराला घर चिकटलेले. ढेलजेतून शिरायचे, मग चौक, चौकाभोवती ओसरी, माजघर. मोकळी जागा घराच्या पोटात, भिंत थेट रस्त्यावर. दुसरी परंपरा इंग्रजांच्या कॅम्पातली. तिथे बंगला मध्ये आणि मोकळी जागा चारी बाजूंनी. वाडा रस्ता घडवतो, तर बंगला रस्त्यापासून मागे सरकून उभा राहतो.

स्वातंत्र्यानंतर पडलेल्या लेआउटनी कॅम्पाची परंपरा उचलली. फरक एवढाच, की साहेबाच्या बंगल्याला एकरांचे आवार होते आणि आम्हाला तीस बाय पन्नास फुटांचा प्लॉट. त्यातही चारी बाजूंनी जागा सोडायची. समोर सोडलेल्या जागेत गाडी आणि तुळस तरी मावते. बाजूच्या बोळात मात्र कूलरचे पाणी, सांडपाण्याचे चेंबर आणि शेजाऱ्याच्या संडासाची खिडकी. ऊन तिथे पोचत नाही, वाराही पोचत नाही, आणि मालकी मात्र पूर्ण.

आता यावर मजले चढवून बघा. आमच्या भागातली चार मजली इमारत म्हणजे फुगलेला बंगला, आणि येऊ घातलेला टॉवर म्हणजे ताणलेला बंगला. जात एकच. दोन्हींच्या तळमजल्यावर पार्किंगचे खांब. जिथे ओटा होता, रात्री शेजारी बसत होते, तिथे आता शटर आणि वॉचमनची खुर्ची. म्हणून 'मध्यम उंची चांगली, उत्तुंग वाईट' हे वाक्य मला पटत नाही. आमच्याकडची मध्यम उंचीही रस्त्याकडे पाठ करूनच उभी आहे.

मग उंची टाळून तेवढीच माणसे राहू शकतात का? हे गणित केंब्रिजच्या लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च यांनी मांडले. १९७२ साली त्यांच्या संपादनाखाली निघालेल्या ग्रंथात ते आहे. मी ते आमच्या मापात करून पाहिले. साठ मीटर बाय साठ मीटरची जागा घ्या. मधोमध वीस बाय वीसचा टॉवर उभा करा. एका मजल्याचे ४०० चौरस मीटर, वीस मजल्यांचे ८,०००. आता टॉवर पुसा आणि त्याच जागेच्या कडेने दहा मीटर रुंदीची इमारत फिरवा. तिचा एक मजला २,००० चौरस मीटरचा भरतो. चार मजल्यांत तेच ८,००० चौरस मीटर, आणि मध्ये चाळीस बाय चाळीसचे अंगण शिल्लक. वीस मजल्यांचे काम चार मजल्यांत होते. कागदावर हे पहिल्यांदा जमले तेव्हा मी पुन्हा बेरीज केली. हा तर आमचा चौकाचा वाडाच होता, मोठा केलेला.

वऱ्हाडात या अंगणाचे मोल आणखी आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. चार मजल्यांच्या अंगणात दुपारनंतर सावली उतरते. सुट्या टॉवरच्या भिंती मात्र उघड्यावर तापतात आणि तो ताप विजेच्या बिलात उतरतो. यान गेल हे डॅनिश नगररचनाकार सांगतात की पाचव्या मजल्यापर्यंत माणसाचे रस्त्याशी नाते टिकते. हाक ऐकू येते, चेहरा ओळखता येतो. डेन्मार्कमधले हे निरीक्षण आमच्याकडे उन्हाळ्यातल्या दुपारी लागू पडणार नाही. तेव्हा सगळीच दारे बंद असतात. पण रात्री आठनंतर ते तंतोतंत खरे आहे. शिवाय वीज गेली की चार मजले जिन्याने चढता येतात, दहा नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार पंधरा मीटरपासून इमारत 'उत्तुंग' ठरते आणि आगीचे कडक नियम लागतात. म्हणजे लिफ्ट, पंप, टाक्या यांचा खर्च रहिवाशांनी कायमचा उचलायचा. आमचे पाणी मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून येते. ते आधी जमिनीखालच्या टाक्यात घ्यायचे आणि मग दहाव्या मजल्यावर चढवायचे.

मग असे अंगण कोणी बांधत का नाही? कारण नियमावली बंगल्याच्या मनाने लिहिलेली आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकात्मिक नियमावली आली. दाट वस्तीबाहेर मूळ चटईक्षेत्र १.१, आणि निवासी बांधकामाला त्यावर साठ टक्के पूरक क्षेत्र. म्हणजे १,५०० चौरस फुटांच्या प्लॉटवर साधारण २,६४० चौरस फूट. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर एवढेच. रस्ता रुंद होत जाईल तसे अधिमूल्य भरून आणि टीडीआर घेऊन क्षेत्र वाढते. परंतु उंची वाढली की बाजूचे अंतरही वाढवावे लागते. परिणामी इमारत बारीक होते आणि वर जाते. टॉवर हा बिल्डरचा हव्यास असेलही, पण तो नियमाने काढलेला आकारही आहे.

दुसरी अडचण नियमाहून मोठी. साठ बाय साठ मीटर म्हणजे आमचे सव्वीसेक प्लॉट. टॉवरला चार मालकांचे एकमत पुरते, अंगणाला सव्वीस जणांचे लागेल. भिंतीला भिंत लावायची तर शेजाऱ्यावर विश्वास हवा. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला अंगणाभोवती ठेंगण्या घरांचे गट रचले, ते सरकारी जमिनीवर. तुकड्या-तुकड्यांत विकल्या गेलेल्या लेआउटमध्ये ते कोण करणार?

इथे वाड्याच्या प्रेमिकांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' ज्याने पाहिले त्याला वाड्याचे कौतुक सरसकट करता येणार नाही. त्या चौकात कोणाचे आयुष्य करपत होते, आणि ढेलजेच्या पलीकडे कोणाला येऊ देत नव्हते, हे वऱ्हाडाला ठाऊक आहे. याच अमरावतीत पंजाबराव देशमुखांना सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढावे लागले. अंगणाचा आकार चांगला होता, त्याच्या दाराचा न्याय चांगला नव्हता.

आणि दाराचा प्रश्न आजही मिटलेला नाही. खोली पाहायला आलेल्या पोराला अजूनही आधी आडनाव विचारले जाते. तरी मालक खाली आणि खोल्या वर, अशा घरात चार दारे ठोठावली तर एक उघडते. नव्या सोसायट्यांत मात्र 'फॅमिलीलाच देणार' असा ठराव होतो आणि सगळी दारे एकदम लागतात. धारणीहून आलेली मुलगी मग राहणार कुठे? विद्यापीठाच्या शेजारचा भाग तिच्यामुळे वाढला, आणि नव्या नकाशात तिचीच खोली नाही. इमारतीची उंची ठरवण्याआधी हे विचारले जावे, असे मला वाटते.

टॉवरच्या बाजूने एक मुद्दा मात्र खराच भारी आहे. शहर वर गेले नाही तर आडवे पसरते. आमच्या पूर्वेला वडाळीचा तलाव आणि पोहऱ्याचे जंगल आहे. विद्यापीठाच्या आवारात बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतात, त्या काही बिबट्या शहर बघायला आला म्हणून नव्हेत. तेव्हा दाटी हवीच. दाटी आणि उंची एक नाहीत, एवढेच मी वरच्या बेरजेतून दाखवू पाहिले.

माझी सही अजून व्हायची आहे. काकांना मी अडवू शकत नाही, आणि सव्वीस जण मी गोळा करू शकणार नाही. म्हणून मी तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत. रस्त्याकडच्या बाजूला सगळे पार्किंग न करता ओटा आणि दोन दुकाने ठेवा. पहिला मजला विद्यार्थ्यांच्या खोल्यांसाठी राखा. आणि सोसायटीच्या कागदात लिहा, की भाडेकरूला आडनाव विचारले जाणार नाही. पहिल्या दोन मागण्यांवर 'बघू' असे उत्तर आले. तिसरी वाचून समोरचा माणूस थोडे थांबला आणि म्हणाला, "हे कुठल्या नियमात बसते?"

काकांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला आहे. वाचून सांगतो म्हणाले.