दिलेला हात, तोडलेला हात

अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या अद्भुतरम्य कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ साली निघाला, पाचवा २०११ साली. पुढच्या खंडाची वाट पाहून वाचकांचे डोळे शिणले. मग त्यांनी मालेची मुळे खणायला घेतली, आणि पुष्कळजण खणत खणत थेट आइसलंडला पोचले. तेथे तेराव्या शतकात स्नोरी स्टुरलुसन नावाच्या पंडिताने नॉर्स देवांच्या कथा 'एडा' या ग्रंथात लिहून ठेवल्या. मार्टिनची कथा हा त्यांचाच नवा अवतार, असे या रसिकांचे म्हणणे.

पुरावा वरकरणी भरभक्कम आहे. देवांचा राजा ओडिन एका डोळ्याचा. त्याचे दोन डोमकावळे जगभर हिंडून वार्ता आणतात. ज्ञानासाठी तो नऊ रात्री झाडाला लटकून राहिला. इकडे मार्टिनचा ब्रिंडेन रिव्हर्स हा एका डोळ्याचा म्हातारा झाडाच्या मुळांत गुरफटून बसला आहे आणि दूरदूरचे पाहतो आहे. पंगू झालेला ब्रान हा मुलगा त्याचा शिष्य. इतके साम्य योगायोगाने येत नाही, हे मला मान्य आहे. ('ब्रान' हे नाव मात्र वेल्सकडचे, त्याचा अर्थच कावळा. सगळे सूत एकाच चरख्यावरचे नव्हे!)

पण साम्य सापडले की ही मंडळी टाळी देतात आणि थांबतात. खरी गोडी तेथून पुढे आहे.

टीर देवाची कथा घ्या. फेन्रिर नावाचा लांडगा देवांच्या घरीच वाढला आणि देवांनाच त्याची धास्ती वाटू लागली. दोन साखळदंड त्याने तोडले. तेव्हा बुटक्यांकडून एक रेशमासारखी मऊ फीत करवून आणली. तिच्यात काय काय घातले होते? मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळे, माशाचा श्वास! लांडगा काही भोळा नव्हता. "कपट नसेल तर कुणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा," असे तो म्हणाला. देव एकमेकांकडे पाहू लागले. टीरने उजवा हात पुढे केला. लांडगा बांधला गेला, सारे देव हसले. टीर हसला नाही. त्याचा हात गेला होता.

मार्टिनचा जेमी लॅनिस्टर हा राजाचा शपथबद्ध रक्षक. नगर जाळू पाहणाऱ्या त्या राजाला त्यानेच मारले, आणि शपथभंगाचा डाग कायमचा घेतला. तिसऱ्या खंडात त्याचा तलवारीचा उजवा हात तोडतात. हाच टीर, असे रसिक म्हणतात. दोन्हीकडे मोडलेला शब्द आहे, हे त्यांनी बरोबर हेरले. परंतु टीरने किंमत ठाऊक असून हात दिला. जेमीचा हात हिसकून घेतला गेला, आणि आपण कोण होतो याचा विचार त्याला त्यानंतर सुचू लागला. डोळ्याचेही तेच. ओडिनने तो मीमिरच्या विहिरीत, ज्ञानाच्या एका घोटासाठी, स्वतः टाकला. रिव्हर्सचा डोळा लढाईत गेला. ओडिन झाडाला आपण होऊन टांगला गेला. ब्रानला मनोऱ्यावरून ढकलले, आणि ढकलणारा कोण, तर हाच जेमी! देव मोल आधी मोजून देतात, माणसांकडून ते वसूल केले जाते. हा फरक मार्टिनचा स्वतःचा आहे, आणि नेमका तोच साम्याच्या यादीत मावत नाही.

याहून धाडसी मंडळी 'एडा'चे पंचांग उघडून कथेचा शेवट सांगतात: उन्हाळ्यावाचून सलग तीन हिवाळे, सूर्य गिळणारा लांडगा, मग महायुद्ध. गणिताच्या पुस्तकात उत्तरांची पाने आधी उघडणारी मुले माझ्या वर्गातही असतात. पण या पंचांगाप्रमाणे ओडिन फेन्रिरच्या पोटात जातो. ब्रानच्या घराण्याचे तर चिन्हच लांडगा, आणि दूरचित्रवाणीवरच्या मालिकेने २०१९ साली त्याला सिंहासनावर बसवले! ती मालिका म्हणजे कादंबरी नव्हे, हे खरे. तरी मुख्य अडचण निराळीच आहे. ओडिनला भविष्यवेत्ती सारे सांगते, ते खरे असते, आणि तो जाणूनबुजून मरणाकडे चालत जातो. मार्टिनच्या जगात मेलिसांद्रे ज्वाळांत पाहते. मरायला टेकलेल्या घोड्यावरची एक मुलगी तिला दिसते. ती जॉनची बहीण, असे ती खात्रीने सांगते. मुलगी खरोखरच येते, पण ती दुसरीच कुणी असते.